कर्सर अडकण्याचं कारण

कारणकाकांनी बेलवर बोट ठेवलं आणि त्याच क्षणी आत काहीतरी भिंतीवर आपटून फुटलं. बेलमुळे फुटलं की काय, असं वाटून त्यांनी बोट मागे घेतलं. मग आतून एक सणसणीत शिवी आली, पाठोपाठ खुर्ची आपटली आणि दार उघडलं. दारात घरातली सून उभी होती. तिच्या पायाशी माऊसचे दोन तुकडे पडले होते आणि त्यातली बॅटरी गडगडत चपलांच्या रॅकखाली चालली होती.

"या काका," ती म्हणाली. "बरं झालं लवकर आलात."

काकांनी वाकून तुकडे गोळा केले. हा माऊस त्यांनीच मागच्या खेपेला दिला होता. त्याच्या आधीचाही त्यांनीच दिला होता आणि तोही असाच भिंतीवर गेला होता.

काका घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करायचे. त्यांचं खरं नाव बहुधा त्यांच्या बायकोला आणि बँकेलाच ठाऊक असावं, बाकी सगळा गाव त्यांना कारणकाका म्हणे. इतर मेकॅनिक मशीन बंद करून पुन्हा चालू करत, चाललं की "झालं बघा" म्हणून जिना उतरत. काकांना ते जमत नसे. बिघाड गेला तरी तो आला का होता हे कळेपर्यंत त्यांचा जीव थाऱ्यावर नसे. आणि एकदा कळलं, की घरातल्या झाडून सगळ्यांना गोळा करून ते कारण समजावून सांगत. ऐकणाऱ्याला रस असो वा नसो, काका पूर्ण सांगितल्याशिवाय सोडत नसत. दुरुस्ती हे तुमचं निमित्त आहे, खरा सोस भाषणाचा आहे, असं त्यांची बायको म्हणायची आणि त्यात फारसं खोटं नव्हतं.

त्यांची दुसरी शिस्त अशी, की लोकांच्या घरात शिरल्यावर कॉम्प्युटरकडे बघायचं, घराकडे बघायचं नाही. कुणाच्या घरात नवराबायको एकमेकांशी बोलत नसत, कुणाच्या स्क्रीनवर नको ते उघडं राहिलेलं असे. काका मान खाली घालून की-बोर्ड उलटा करून झटकत बसत. त्यामुळेच तर लोक त्यांना निर्धास्तपणे घरात घेत. या घरात ते पहिल्यांदा आले तेव्हा सुनेच्या कानामागे भली मोठी पट्टी होती. "बाथरूममध्ये घसरले," ती न विचारताच म्हणाली होती. "जपा हो," असं म्हणून काका माऊसची बॅटरी तपासायला लागले होते. दुसऱ्यांदा आले तेव्हा की-बोर्डची काही बटणं उखडलेली होती आणि टेबलाच्या काचेला तडा गेला होता. त्याही वेळी त्यांनी बटणं तेवढी बसवून दिली.

दुखणं मात्र दोन्ही वेळा सापडलं नव्हतं. कर्सर मधूनच अडकायचा. माऊस कितीही हलवा, तो ढिम्म. मग थोड्या वेळाने आपोआप सुटायचा आणि उडी मारून भलतीकडेच जायचा. काका समोर बसले की मात्र तो शहाण्या बाळासारखा फिरायचा. अधूनमधून येणारा बिघाड म्हणजे मेकॅनिकच्या जिवाला घोर, हे त्यातल्या माणसालाच कळेल.

घरातले साहेब इमारतींचे नकाशे काढत आणि घरी बसूनच काम करत. दिसायला रुबाबदार, बाहेर भेटले तर वाकून नमस्कार करणारे. आज ते एका हाताची मूठ दुसऱ्या हातात धरून बसले होते, बोटांच्या पेरांवरची साल निघाली होती. समोरच्या मोठ्या स्क्रीनवर एका बंगल्याचा नकाशा होता. त्यातली एक भिंत ओढताना कर्सर अडकला होता आणि सुटला तेव्हा ती भिंत अंगण ओलांडून शेजारच्या प्लॉटमध्ये घुसली होती.

"काका, आज हे सापडलं नाही ना, तर माझ्या हातून कुणाचा तरी जीव जाईल," साहेब हसत म्हणाले.

काकाही हसले. दुसरं कुणी हसलं नाही. सोफ्यावर साहेबांची आई पाय स्टुलावर ठेवून टीव्ही बघत होती, तिने मान वळवली नाही. सून पाणी घेऊन आली, काकांच्या हातात पेला देताना जरा जास्तच जवळ वाकली.

"आज काहीही करून शोधा," ती अगदी हळू म्हणाली. "तो बाण अडकला की यांच्या आधी मला कळतं. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज येतो ना, तेव्हाच मी हातातलं भांडं खाली ठेवते."

इतके दिवस न बघितलेलं सगळं त्यांना एकदम दिसलं. कानामागची पट्टी दिसली, टेबलाची काच दिसली, आणि आता पेला परत घेणाऱ्या तिच्या मनगटावरचे बोटांचे काळेनिळे ठसेही दिसले. काकांना फार वाईट वाटलं आणि भीतीही वाटली. आपण यात काय करणार, असं त्यांनी स्वतःला विचारलं. मग त्यांना वाटलं, कर्सर दुरुस्त करणं तर आपल्या हातात आहे. कर्सर अडकला नाही तर हा माणूस उठणार नाही, आणि हा उठला नाही तर हिला मार बसणार नाही. काकांचा यावर खरंच विश्वास बसला. बिघाड काढला की माणसं सुखी होतात, यावर त्यांचा सगळा जन्म चालला होता.

ते कामाला लागले. बॅगेतून नवा माऊस काढला. तारेचा बसवला असता तर प्रश्नच मिटला असता, पण साहेबांना हाताखाली तार खपत नसे, आणि कारण न कळता प्रश्न मिटवणं काकांना खपत नसे. त्यांनी नव्या बॅटऱ्या घातल्या. माऊसचे संदेश घेणारा नखाएवढा डोंगल मागून काढून पुढच्या पोर्टात लावला, मग दुसऱ्या पोर्टात लावला. वीज वाचवण्यासाठी कॉम्प्युटर मधेच पोर्ट झोपवतो, तो पर्याय काढून टाकला. ड्रायव्हर नव्याने घातला. काचेवर माऊस नीट चालत नाही म्हणून खाली कागद पसरला. मग ते बाजूला झाले आणि साहेब नकाशा पुढे ओढू लागले. एक खोली झाली, जिना झाला, सगळं सुरळीत चाललं. साहेबांचे खांदे खाली आले. स्वयंपाकघराच्या दारातून सून बघत होती, तिला सासूने सोफ्यावरूनच काहीतरी सांगितलं म्हणून ती आत गेली.

आणि कर्सर अडकला.

साहेबांनी माऊस हलवला, पुन्हा हलवला, मग मूठ आवळून काचेवर आपटली. आधीचा तडा कोपऱ्यापर्यंत गेला. "बघा," ते दात आवळून म्हणाले. "बघा आता तुमच्या डोळ्यांनी." त्यांच्या मानेची शीर टरारून फुगली होती. काकांना मात्र, खरं सांगायचं तर, आनंद झाला. इतक्या दिवसांचा चोर पहिल्यांदाच त्यांच्या समोर आला होता. त्यांनी कशालाही हात लावला नाही. ते नुसते कान देऊन बसले. टीव्हीचा आवाज येत होता, पंख्याचा येत होता, आणि भिंतीपलीकडून एक बारीक घुंऽऽ असा आवाज येत होता. मग पलीकडे टिंग वाजलं, घुंकार थांबला आणि कर्सर उडी मारून सुटला.

काकांच्या अंगावर काटा आला.

"वहिनी," त्यांनी बसल्या जागेवरून विचारलं, "आत्ता मायक्रोवेव्ह लावला होतात का?"

लावला होता. सासूबाईंचे गुडघे दुखत, त्यांना शेकायची पिशवी दिवसातून कितीतरी वेळा गरम करून लागे. काकांनी पिशवी पुन्हा आत ठेवून ओव्हन लावायला सांगितला. घुंऽऽ सुरू झालं आणि कर्सर जागच्या जागी थिजला. बंद करायला सांगितला, तो सुटला. पुन्हा लावला, पुन्हा थिजला. काका लहान मुलासारखे खूश झाले. त्यांनी साहेबांना हाताने माऊस धरायला लावला, सुनेला दारात बोलावलं, सासूबाईंनाही टीव्हीवरून नजर काढायला लावली आणि आपलं भाषण सुरू केलं. ओव्हन ज्या लहरींवर अन्न गरम करतो, माऊसही तशाच लहरींवर कॉम्प्युटरशी बोलतो. आता शेजारी लाऊडस्पीकर लागला तर फोनवरचं बोलणं ऐकू येईल का? तसंच हे. भिंतीला लागून पलीकडे ओव्हन आहे, अलीकडे टेबल. ओव्हन ओरडायला लागला की बिचाऱ्या माऊसचं कुणी ऐकत नाही.

"म्हणजे इतके दिवस कारण तुमच्या स्वयंपाकघरात बसलेलं होतं, साहेब," ते म्हणाले आणि टाळी वाजवली.

टाळी वाजवताना त्यांचं लक्ष सुनेच्या चेहऱ्याकडे गेलं. तो पांढराफटक पडला होता.

साहेब शांतपणे उठले. इतके शांत, की खुर्ची मागे सरकल्याचा आवाजही झाला नाही. ते स्वयंपाकघराच्या दाराशी गेले.

"म्हणजे तू," ते म्हणाले. "मी कामाला बसलो की तू हे लावतेस."

"आईंनी सांगितलं म्हणून..." तिने बोलायला सुरुवात केली आणि तेवढ्यात थप्पड बसली. तिचं डोकं चौकटीवर आदळलं. दुसरी बसली तेव्हा ती आत कोलमडली आणि साहेब तिच्या मागे आत गेले. भांडी पडली. मुका मार बसल्याचा एक आवाज असतो, तो काकांना ऐकू आला, मग पुन्हा आला. सासूबाईंनी शेजारचा रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज वाढवला. अंगठा रिमोटवर चाचपडला नाही, सरळ बटणावर गेला.

काका हातात माऊस धरून उभे होते. हे आपल्या तोंडाने झालं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. निमूटपणे तारेचा माऊस लावून घरी गेलो असतो तर झालं नसतं. शाळा सुटल्यापासून काकांनी कुणावर हात उगारला नव्हता आणि कुणाचा मार खाल्ला नव्हता. तरी ते स्वयंपाकघरात गेले.

ती ओट्याखाली पडली होती. साहेबांनी तिचे केस मुठीत धरले होते आणि ते तिला वर ओढत होते, पुन्हा मारायला ती उभी राहायला हवी होती म्हणून. तिच्या कपाळावरून रक्त भुवईत उतरत होतं. ती ओरडत नव्हती. काका "साहेब, सोडा" म्हणाले, पण आवाज त्यांचा त्यांनाच ऐकू आला नाही. मग त्यांनी तो हात दोन्ही हातांनी धरला. साहेबांनी वळूनही न बघता कोपर मागे फेकलं, ते काकांच्या तोंडावर बसलं आणि काका फ्रिजवर आपटून खाली बसले. चष्मा गेला. तोंडात दाताचा तुकडा आला.

खाली बसल्यावर त्यांना समोर, डोळ्यांच्या रेषेत, खालच्या फळीवर ठेवलेला ओव्हन दिसला. चष्मा नव्हता तरी दिसलं. त्याचं दार वरच्या कोपऱ्यात आत चेपलेलं होतं आणि बाजूने चांगली फट पडली होती.

"दार वाकलंय," काका म्हणाले. तोंडातून रक्त येत असताना हे बोलावं, हे दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं, पण काका तसेच होते.

"काय?" साहेबांनी विचारलं.

"ओव्हनचं दार. धड ओव्हनमधून लहरी इतक्या बाहेर येत नाहीत, साहेब. ओव्हन लावला हे कारणच नाही, मी चुकीचं सांगितलं. दार वाकलंय हे कारण आहे." मग प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारावा तसा सवयीने त्यांनी तिला प्रश्न विचारला, "केव्हा वाकलं हो हे?"

साहेबांची मूठ तिच्या केसांतच होती. तिने मान वळवून काकांकडे बघितलं.

"यांनी माझं डोकं आपटलं त्यावर, तेव्हा," ती म्हणाली. "त्याच्या दुसऱ्या दिवसापासून बाण अडकायला लागला. मग यांनी तुम्हाला बोलावलं. मी घसरले म्हणून सांगितलं होतं तुम्हाला."

बाहेर टीव्हीचा आवाज एकदम बंद झाला. त्या शांततेत साहेबांचा श्वास तेवढा ऐकू येत होता. आजपर्यंत या घरात जे मार बसले ते बंद दाराआड बसले होते, आणि ती परक्या माणसासमोर बोलेल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्यांनी तिचे केस सोडले. काकांना वाटलं, संपलं. ते ओट्याच्या कडेला धरून उठू लागले. ओट्याखालचा सुऱ्या-चमच्यांचा खण झटापटीत उघडा राहिला होता, काकांच्या उजव्या हाताची बोटं त्याच्या काठावर होती. साहेबांनी ती बघितली, नीट बघितली, आणि पायाने खण जोरात बंद केला. बोटं मोडल्याचा आवाज काकांना आधी ऐकू आला, दुखलं नंतर. मग ते असे ओरडले, की समोरच्या बिऱ्हाडातले लोक दार बडवायला लागले.

साहेबांनी शर्टाची कॉलर सारखी केली. केसांवरून हात फिरवला. "कुणी दार उघडायचं नाही," ते आईला म्हणाले. म्हातारी स्टुलावरून पाय काढून उठली होती. भिंतीला धरत धरत ती दारापर्यंत गेली, कडी काढली आणि दार सताड उघडलं. मुलाकडे तिने बघितलं नाही आणि सुनेकडेही नाही. ती तशीच दाराला टेकून उभी राहिली.

समोरचे शेजारी आत आले तेव्हा साहेबांच्या चेहऱ्यावर तोच बाहेरचा, वाकून नमस्कार करणारा भाव होता. काही नाही, काका काम करताना पडले, असं ते सांगत होते. शेजाऱ्यांनी काकांचा हात बघितला, तिचं कपाळ बघितलं आणि खाली मान घातली. तेही बिचारे घराकडे न बघणाऱ्यांपैकीच.

"तुमची गाडी काढाल का?" ती शेजाऱ्यांना म्हणाली. "दोघांना हॉस्पिटलला जायचंय."

तिने काकांचा चष्मा शोधून त्यांच्या नाकावर बसवला, त्यांचा हात टॉवेलात गुंडाळला आणि त्यांना धरून बाहेर काढलं. "ही पायरी उतरलीस तर परत येऊ नकोस," असं साहेब मागून म्हणाले. ती थांबली. काकांच्या दंडावरची तिची पकड घट्ट झाली, मग ती पायरी उतरली.

इस्पितळाच्या अपघात विभागात दोघं एका बाकावर बसले. काकांच्या बोटांचा फोटो काढून झाला होता. दोन बोटं पार चुरली आहेत आणि पूर्वीसारखी वळतील याची खात्री नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. एवढे बारीक स्क्रू आता कोण फिरवणार, हा विचार काकांनी मनातून बाजूला सारला. आधी तिचं कपाळ शिवायचं होतं. नर्स कागद घेऊन आली. चांगली बाई होती, कामाने दमलेली होती. सुनेचं कपाळ बघून तिने पेन टेकवत विचारलं, "घसरलात वाटतं?"

काकांच्या ओठांवर सगळं आलं होतं. दार, ओव्हन, लहरी, मूठ, सगळं पहिल्यापासून नीट सांगता आलं असतं. आयुष्यभर त्यांनी हेच केलं होतं. पण दुपारी आपण सांगितलेल्या कारणाने काय झालं, हे त्यांच्या शेजारीच बसलेलं होतं. त्यांनी फुटलेला ओठ दाताखाली धरला आणि फरशीकडे बघत राहिले. नर्सने 'घसरून' हा शब्द लिहायला सुरुवात केली.

"नाही," ती म्हणाली. "घसरले नाही. नवऱ्यानं मारलं."

नर्सचं पेन थांबलं. डॉक्टरीणबाई जवळ आल्या. असं असेल तर पोलिसांना कळवावं लागेल, कळवू का, असं त्यांनी विचारलं. सुनेने काकांकडे बघितलं नाही, दाराकडेही बघितलं नाही.

"कळवा," ती म्हणाली.

जखम केसांत वरपर्यंत गेली होती, म्हणून नर्सने केस मोकळे करायला सांगितले. ती हात वर करून एकेक पीन काढू लागली. ठेवायला जागा नव्हती. काकांनी आपला धड असलेला डावा हात पुढे केला, आणि ती त्यांच्या तळहातावर एकेक पीन ठेवत गेली. नर्सने केसांचे भाग करत करत बोटं कानामागे नेली आणि ती तिथेच थबकली.

"ही जुनी दिसते."

"हो," ती म्हणाली. "तीही लिहा."

नर्स पुन्हा बसली आणि लिहू लागली. काका हात हलू न देता पिना धरून बसले होते.